गोल नॉब, लांब हँडल

नव्या घरातल्या किचनच्या कपाटांना गोल नॉब ठेवायचे की लांब हँडल बसवायची, एवढाच प्रश्न होता. सुतारानं विचारला, नवऱ्यानं माझ्यावर ढकलला आणि मी चार दिवस घेऊन त्याचं उत्तर दिलं. लोक म्हणतील, उत्तर चुकलं. चुकलं वगैरे काही नव्हतं. जिला लागावं म्हणून दिलं होतं तिला ते बरोबर लागलं. आता इतक्या वर्षांनी साळसूदपणा कशाला करू?

ती म्हणजे माझी सासू. तिच्याविषयी सांगायचं तर आधी जुन्या घरातल्या कपाटाचं सांगायला हवं.

जुनं घर म्हणजे भिवंडीतल्याच दोन भाड्याच्या खोल्या. भिंतीला लागून लूमची, म्हणजे यंत्रमागांची, शेड. लग्न होऊन आले तेव्हा पहिले आठ दिवस मला कुणी बोललेलं ऐकूच यायचं नाही, पुढे इतकी सवय झाली की शुक्रवारी लूम बंद असले की चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. ऐंशी सालानंतर एक-दोन वर्षांतली गोष्ट. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका, नवरा सरकारी कचेरीत कारकून, आणि घरात सासू. सासरे माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीच गेलेले.

स्वयंपाकाच्या खोलीत एक जाळीचं कपाट होतं. हिरवा रंग दिलेलं, मुंग्या चढू नयेत म्हणून पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवलेलं. त्या कपाटाला कुलूप होतं आणि कुलपाची किल्ली सासूच्या कनवटीला. साखर, चहा, तूप, गूळ, शेंगदाणे, सगळं आत. मी शाळेत चाळीस पोरांना सांभाळायची, मुख्याध्यापक नसले की शाळेच्या कपाटाच्या किल्ल्या माझ्याकडे असायच्या, आणि घरी येऊन चहा करायचा तर उभं राहून म्हणायचं, "आई, साखर हवी होती."

"किती?" ती विचारायची. तीन माणसांच्या चहाला किती साखर लागते हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पण विचारायची. मग गुडघ्यावर हात टेकून उठायची, किल्ली काढायची, डबा उघडायची आणि वाटी भरून बोटानं सपाट करायची. वाटीला शीग मी तेरा वर्षांत कधी बघितली नाही. शीग आली तर ती बोटानं परत डब्यात सारायची, आणि मग बोट चाटायची. ते बोट चाटणं मला अजून दिसतं.

तिची बाजू सांगायची तर सांगते. भिवंडीजवळच्या कोन गावात शेतावर वाढलेली बाई, तरुणपणी नवरा गेला, रेशनच्या साखरेवर पोर वाढवलं. साखर म्हणजे तिला सोनं. हे सगळं मला नवऱ्यानं ऐकवलंय, शेजारणींनी ऐकवलंय, आणि मलाही कळत होतं. पण कळलं म्हणून राग जातो असं कुणी सांगितलं?

लग्नाला दुसरं वर्ष होतं तेव्हा माझे वडील आले. मुरबाडकडचे, माझ्यासारखेच मास्तर. दोन एसट्या बदलून, उन्हात, खांद्यावर तांदळाची पिशवी घेऊन. मी नुकतीच शाळेतून आले होते. सासू गल्लीच्या टोकाला कुणाकडे भजनाला गेलेली. मी वडिलांना बसवलं, पाणी दिलं, चहाचं आधण ठेवलं आणि कपाटासमोर उभी राहिले. कुलूप.

पाच मिनिटं वाट बघितली. मग वाटी घेऊन मागच्या दारानं शेजारी गेले. शेजारी कोकणी मुसलमान कुटुंब होतं, चार लूमचे मालक. त्यांची बाई वयानं मोठी, मी त्यांना खालाजान म्हणायची. मी वाटी पुढे केली. त्यांनी एक शब्द विचारला नाही. डबा काढला, वाटी शिगोशीग भरली आणि वर माझाच पदर झाकून दिली, की कुणी बघू नये. म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. आख्ख्या गल्लीला माहीत असणार.

परत आले तर वडील स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. पायात चपला घातलेल्या. त्यांची नजर कपाटावर होती, मग माझ्या हातातल्या वाटीवर आली. म्हणाले, "चहा नको गं. कल्याणला पिऊनच आलोय."

कल्याणच्या स्टँडवर माझे वडील कधी चहा प्यायचे नाहीत. बाहेरचं काही घ्यायचेच नाहीत. मी बसा म्हटलं, हात धरला, त्यांनी डोक्यावरून हात फिरवला आणि गेले. त्यानंतर ते भिवंडीला आले, पण घरी आले नाहीत. शाळेच्या फाटकाशी उभे राहायचे, मधल्या सुट्टीत दहा मिनिटं बोलायचे, निघायचे. मी घरी चला म्हटलं की म्हणायचे, गाडी आहे. पाच वर्षांनी ते गेले. माझ्या घरचा चहा त्यांनी कधीच घेतला नाही.

सासूला मी यातलं काही सांगितलं नाही. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, आईला कुठं माहीत होतं ते येणारेत." बरोबरच आहे. तिला कुठं माहीत होतं? वडिलांनी आणलेल्या तांदळाचा भात मात्र तिनं चवीनं खाल्ला.

नव्वद सालानंतर चार-पाच वर्षांनी आम्ही कल्याण रोडवर नवीन बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेतला. जाळीचं कपाट भंगारवाल्याला दिलं. ते हातगाडीवर चढत होतं तेव्हा मी खिडकीत उभी राहून शेवटपर्यंत बघितलं. सासूनं किल्ली काही दिली नाही. भंगारवाला म्हणाला, "अम्मा, चाबी?" ती म्हणाली, "हरवली." किल्ली तिच्या कनवटीलाच होती, मला फुगवटा दिसत होता. म्हटलं, असू दे. बिनकुलपाची किल्ली ठेवा जपून.

तोपर्यंत तिची बोटं वाकडी झाली होती. वातानं दोन्ही हातांचे सांधे सुजलेले, अंगठे आत वळलेले. पोळ्या सुटल्या, निवडणं-टिपणं कसंबसं, पण चहा ती स्वतःचा स्वतः करायची. सकाळी अकराला एक आणि चारला एक. मुठीत सांडशी धरवत नव्हती तर फडकं घेऊन दोन्ही तळव्यांत पातेलं धरून उतरवायची. मला भीती वाटायची भाजेल म्हणून. पण त्या चहाला ती कुणाला हात लावू देत नसे. तिच्या हातात घरातलं तेवढं एकच काम उरलं होतं.

नव्या घराचं किचन मी हौसेनं करून घेतलं. ओट्याखाली आणि वर प्लायवूडची कपाटं, त्यावर फिकट हिरवा सनमायका, आतून पांढरा रंग. सुतार गोरखपूरकडचा, हात चांगला, बोलायला सरळ. कपाटं उभी राहिल्यावर त्यानं विचारलं, "भाभी, हँडल का क्या करना है?" कामात त्यानं गोल नॉब धरले होते. स्टीलचे, सुपारीएवढे, गुळगुळीत. पण म्हणाला, थोडे जास्त घालाल तर लांब हँडल येतात, पाइपसारखी, चार बोटं आत जातात. बिजागऱ्या त्यानं चांगल्याच लावल्या होत्या आणि प्रत्येक दाराला आतून मॅग्नेट, त्यामुळे दार खट्कन चिकटायचं. झुरळ जायला फट नाही. मला फार आवडलं होतं ते. ओढायला मात्र जरा जोर लागायचा.

"दोनो लगा के जाता हूँ," तो म्हणाला. "चार दिन देखो, फिर बोलो." ओट्याखालच्या एका दाराला त्यानं नॉब लावला, शेजारच्याला हँडल, आणि कोपऱ्यात हत्यारं ठेवून दुसऱ्या कामाला गेला.

घर लावायला मी शाळेतून रजा काढली होती; पहिल्या दिवशी हॉलमध्ये वह्या तपासत बसले होते. तिथून किचन सरळ दिसायचं. सासू अकराच्या चहाला आत गेली. आधी नॉबवाल्या दारापाशी वाकली. बोटं नॉबभोवती आणली, पण बोटं मिटतच नव्हती, नॉब सुळकन निसटायचा. तिनं पदरानं हात पुसले. परत धरला. मॅग्नेट काही सोडेना. मग शेजारच्या दाराकडे वळली, हँडलमध्ये चारही बोटं सरकवली आणि कोपरानं ओढलं. दार उघडलं. तिनं ते बंद केलं, परत उघडलं. परत बंद केलं, परत उघडलं. तिला वाटलं कुणी बघत नाही.

दुसऱ्या दिवशी चहा-साखरेचे डबे हँडलवाल्या कपाटात गेलेले दिसले. मी ते नॉबवाल्यात ठेवले होते. माझ्या हातून दार उघडं राहिलं असेल तेवढ्यात, मला न विचारता डबे हलवून मोकळी झाली. माझं किचन, माझी कपाटं, आणि डबे कुठं राहणार ते अजून हीच ठरवणार. मला असं काही तोंडात मारल्यासारखं झालं की हातातली वही तपासायची सोडून मी उठले.

नवऱ्यानंही बघितलं होतं. संध्याकाळी म्हणाला, "आईला ते लांबवालं जमतंय. सगळीकडे तेच बसवून टाकू."

"उगाच खर्च," मी म्हटलं.

"फार नाहीये. आणि तुझं किचन आहे, तू ठरव."

तुझं किचन आहे, तू ठरव. हे वाक्य ऐकायला मी तेरा वर्षं थांबले होते. जुन्या घरात हा माणूस मूग गिळून बसायचा. मी साखरेसाठी हात पसरून उभी असायची आणि हा पेपरात डोकं घालून. आता आईची बोटं गेली, कुलूप गेलं, कपाट भंगारात गेलं, तेव्हा याला आठवलं की किचन माझं आहे. ठीक आहे म्हटलं. ठरवते.

त्या चार दिवसांत मी खरंच विचार केला, नाही असं नाही. तिसऱ्या दिवशी तर हँडलच लावू असं जवळजवळ ठरलंही होतं. माझ्या स्वतःच्या हातालाही ते बरं पडत होतं, पिठाचे हात असले तरी करंगळीनं ओढता यायचं. पण त्याच दुपारी मी चहा करायला गेले, साखरेचा डबा उघडला, तर सासू मागून म्हणाली, "बाय, हळू काढ. सांडते तुझी."

सवयीनं म्हणाली असेल. वाईट हेतू नसेल. पण माझ्यासमोर वडील उभे राहिले, चपला घालून. मी डबा बंद केला आणि माझा निर्णय झाला.

चौथ्या दिवशी सुतार आला. सासू किचनच्या दारात पाटावर बसून वालाच्या शेंगा सोलत होती, म्हणजे अंगठ्यानं जमत नव्हतं म्हणून दातानं टोक मोडत होती. मी म्हटलं, "गोल ही रखो सब जगह. वो लंबावाला निकाल दो."

त्यानं तिच्याकडे बघितलं. "भाभी, अम्मा के हाथ से गोल नहीं खुलेगा. मैंने देखा है."

"अम्मा को अब किचन में क्या काम?" मी म्हटलं. "मैं हूँ ना."

आमच्या भिवंडीत हे एक आहे. सुतार, प्लंबर, गवंडी, सगळे उत्तरेकडचे, त्यांच्याशी घरात हिंदीच बोलायचं. आणि घरच्या माणसासमोर कामगाराला हिंदीत बोललेलं हे घरच्या माणसाला बोललेलं धरत नाहीत. कितीक घरांत मी ऐकलंय. सासवा सुनांना असंच बोलतात, सुना सासवांना. कुणी जाब विचारला तर म्हणायचं, मी तर सुताराशी बोलत होते. सासूला हिंदी येत नव्हती असं नाही. चाळीस वर्षं लूमवाल्यांच्या शेजारात काढलेली बाई, सगळं कळत होतं. कळावं म्हणूनच मी बोलले होते.

तिचा शेंग सोलणारा हात थांबला नाही. मान वर केली नाही. सुतारानं हँडल काढलं, त्याची दोन भोकं पुटी भरून बुजवली आणि मधोमध नॉब ठोकून दिला. जाताना म्हणाला, "आपका घर, आपकी मर्जी." त्याच्या तोंडून ते ऐकायला मला बरं वाटलं नाही, पण तोवर काम झालेलं होतं.

दोन दिवसांनी मी शाळेतून आले तर चहा-साखरेच्या कपाटाच्या नॉबला एक चिंधी बांधलेली. लूमवरून कापड उतरलं की कडेची लांब पट्टी कापून टाकतात. भिवंडीत ती पोत्यानं मिळते आणि तिच्यावाचून कुणाचं घर चालत नाही. दार अडकवायला, पडदा बांधायला, गोधडीत भरायला. सासूनं जुन्या घरातून त्याची एक थैली आणली होती. नॉबच्या मानेला तिनं दातानं गाठ मारून एक फास केला होता, आत मनगट घालून ओढायला. हिरव्या सनमायक्यावर ती मळकट गुलाबी चिंधी लोंबत होती.

मी ती सोडली, घडी केली आणि तिच्या उशीवर नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी परत होती. परत सोडली, परत उशीवर. तिसऱ्या दिवशी गाठ इतकी आवळलेली होती की सुटेना. मी शिलाईची कात्री आणली आणि कापली. ती तेव्हा बाहेरच्या खोलीतून बघत होती. मला माहीत होतं ती बघतेय.

त्यानंतर तिनं चिंधी बांधली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघत होते, पर्स खांद्याला लावलेली, तेव्हा ती किचनच्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "बाय, साखर हवी होती."

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. असा आनंद की पायापासून डोक्यापर्यंत गेला. मी पर्स खाली ठेवली, कपाट उघडलं, आणि विचारलं, "किती?"

मी एका कपाची साखर आणि एका कपाची चहापावडर छोट्या ताटलीत काढली, वर वाटी झाकली आणि ओट्यावर ठेवून गेले. मग ते रोजचंच झालं. सकाळी निघताना एका कपाचं काढून ठेवायचं, ती अकराला पिणार. चारला मी घरी असायची, तेव्हाचं मी काढून द्यायची. ती रोज न चुकता विचारायची. मी रोज काढून द्यायची. माझे चार दिवस आले होते आणि मी ते मोजून जगत होते. शाळेत बायका म्हणायच्या, काय गं, नवीन घर मानवलं तुला. मी म्हणायची, हो, मानवलं.

हे तीन-चार महिने चाललं असेल.

एक दिवस शाळा लवकर सुटली. मी दीडच्या सुमाराला घरी आले. दार लोटलेलं होतं. हॉलमध्ये सासूचा भाऊ बसला होता, कोनचा. तिच्याहून धाकटा, पण तोही सत्तरीला आलेला. नवीन घर बघायला पहिल्यांदाच आलेला. डोक्याला टोपी, पायाशी वालाच्या शेंगांची भलीमोठी पिशवी, समोर पाण्याचा तांब्या. मला बघून तो हसला. मी वाकून नमस्कार करायच्या आधीच किचनमधून काहीतरी करकरल्याचा आवाज आला.

आत गेले. गॅसवर पातेल्यात पाणी उकळून निम्मं झालेलं. ओट्यावर ताटली रिकामी, अकराचा चहा तिनं केव्हाच घेतला होता. आणि ती कपाटासमोर खाली फरशीवर बसली होती. हातात लोखंडी उलथनं. त्याचं टोक दाराच्या फटीत घालून, दोन्ही तळव्यांनी दाबून ती दार उचकटत होती. कडेचा सनमायका बोटभर उडाला होता. खाली हिरव्या कपच्या पडलेल्या.

आणि माझ्या तोंडून काय आलं असेल? "सनमायका उडवलात ना आई." हेच आलं. भावाला ऐकू जाईल अशा आवाजात आलं.

तिनं उलथनं खाली ठेवलं. पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे. मी वळले तर तो किचनच्या दारात उभा होता. पायात चपला घातलेल्या होत्या. कपाट बघितलं, उलथनं बघितलं, बहिणीचे हात बघितले. मग तिला म्हणाला, "ऱ्हाऊ दे बाय. मी चाय पिऊनच आलोय."

मी म्हटलं, "मामा, बसा, दोन मिनिटांत करते." तो म्हणाला, "न्हाय, गाडी हाय माझी." कोनला जायला कसली गाडी लागते? दर पाच मिनिटांना रिक्षा असते. तो गेला. ती फरशीवरून उठू शकत नव्हती. मी काखेत हात घालून तिला उठवलं. तिचं अंग किती हलकं झालं होतं ते मला तेव्हा कळलं. तिनं गॅस बंद केला. एखादी शिवी दिली असती तर मी तिचे पाय धरले असते.

दुसऱ्याच दिवशी मी शाळेतून परस्पर नाक्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदारानं दहा तऱ्हांची हँडल काढून दाखवली, मी प्रत्येकात चार बोटं घालून बघितली, बोटं वाकडी करून बघितली. सगळ्यात रुंद होती ती घेतली. सुताराला निरोप धाडला. तो आला आणि कामाला लागला. नॉब काढले की प्रत्येक दाराच्या मधोमध एक भोक. हँडलला दोन लागतात, वर-खाली, त्यामुळे मधलं उघडं पडतं. त्यानं पुटी भरून वर हिरवा रंग लावला, पण रंग काही जुळला नाही. प्रत्येक हँडलच्या आत तो डाग दिसायचा. मॅग्नेटही मी काढायला लावले. आता दारं नुसती लोटायची, झुरळं आली तरी येऊ देत.

मी सासूला हाताला धरून आत आणलं. "आई, बघा. हात घालून बघा."

तिनं बघितलं. "बरं दिसतंय," म्हणाली. हात घातला नाही.

पुढच्या सकाळी मी मुद्दाम काही काढून ठेवलं नाही. पर्स घेऊन निघाले. ती दारात आली. "बाय, साखर हवी होती."

"आई, आता उघडतं ते. तुम्हीच घ्या ना, हवी तेवढी."

"तूच दे," ती म्हणाली.

मला वाटलं आठ दिवस रागानं करेल, मग जाईल राग. तो गेला नाही. की राग नव्हताच, मला आजही ठरवता येत नाही. तिच्या आवाजात ना टोमणा होता ना रडणं. रोज सकाळी त्याच जागी उभी राहून, त्याच शब्दांत मागायची. मी वाटीला शीग लावून द्यायची, ती जास्तीची साखर डब्यात परत घाल म्हणायची. मी कपाट उघडं टाकून जायला लागले. परत येईपर्यंत ते बंद असायचं, पायानं लोटलेलं. डबा ओट्यावरच ठेवून गेले तर त्या दिवशी तिनं चहाच केला नाही. नवऱ्याला म्हटलं, तुम्ही तरी सांगा. तो म्हणाला, "तुमच्या दोघींचं मला काही कळत नाही." त्याला कधी कळलं होतं?

तीन वर्षं ती मागत राहिली. एकदाही त्या हँडलला हात लावला नाही. अंथरुणाला खिळली तेव्हा चहा मीच करून पाजायची, बशीत ओतून, फुंकून. त्यातसुद्धा ती आधी विचारायची, "साखर हाय का गं?" मी म्हणायची, आहे आई, भरपूर आहे. ती गेल्यावर अंघोळ घालताना कनवटीला ती किल्ली निघाली. मी ती तशीच तिच्याबरोबर जाऊ दिली.

तेराव्याला घर माणसांनी भरलं. कोनच्या, पूर्ण्याच्या, काल्हेरच्या बायका किचनमध्ये शिरल्या आणि माझी कपाटं धडाधड उघडायला-लोटायला लागल्या. कुठं चमचे, कुठं तूप, कुणी विचारलंसुद्धा नाही. एकजण म्हणाली, "हँडल बरी हायत गो तुझी, हात पटकन जातो."

तिचा भाऊ हॉलमध्ये भिंतीला टेकून बसला होता. त्या दिवसानंतर तो आमच्याकडे पहिल्यांदाच आलेला. बहीण आजारी असताना खिडकीखाली रस्त्यावर उभा राहून चौकशी करून जायचा, वर यायचा नाही. मी माझ्या हातानं चहा केला. दूध घातलं, आलं किसून घातलं, दोन चमचे साखर घातली, वर आणखी एक घातला. कपबशी घेऊन त्याच्यासमोर गेले आणि वाकून उभी राहिले.

त्यानं माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे, अगदी मायेनं बघितलं. हात जोडले आणि म्हणाला, "नको बाय. मी पिऊनच आलोय."

मी कप घेऊन आत आले आणि ओट्यावर ठेवला. बायकांची गडबड चालली होती, कुणाचं लक्ष नव्हतं. दुपारी भांडी आवरताना तो कप मला तिथंच सापडला, वर साय धरलेली. मी तो चहा मोरीत ओतला आणि कप धुऊन ठेवला.